जमिनीखालचे मुद्दल

(सदर : व्रत आणि व्यवहार)



सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघालेली आपली बहुतेक कुटुंबे वाटेत राजगृहीला थांबतात. पाच पहाडांची वंदना होते, वीरायतनात जाणे होते, आणि आचार्य चंदनाजी मूळच्या आपल्या महाराष्ट्रातल्या, हे कोणीतरी अभिमानाने सांगतेच. वैभारगिरीच्या पायथ्याशी उष्ण पाण्याची कुंडे आहेत. यात्रेकरू तिथे क्षणभर रेंगाळतात, पाण्याला हात लावून पाहतात आणि पुढच्या मुक्कामाच्या घाईला लागतात. त्या पाण्याची चर्चा आपल्या आगमात आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

भगवतीसूत्राच्या दुसऱ्या शतकात तो प्रसंग येतो. वैभार पर्वताखाली एक मोठा द्रह आहे आणि त्यातून उष्ण पाणी सतत वाहते, असे अन्यतीर्थिक सांगत असत. गौतमस्वामींनी भगवंतांना विचारले, हे खरे आहे का? भगवंतांनी ते मत नाकारले. तिथे आहे तो द्रह नसून महातपोपतीरप्रभव नावाचे प्रस्रवण, म्हणजे झरा आहे. पाचशे धनुष्य त्याची लांबी-रुंदी. त्यात उष्णयोनीचे जीव आणि पुद्गल पाण्याच्या रूपाने येतात आणि जातात, आणि भरून अधिक झालेले पाणी उष्ण होऊन बाहेर वाहते, असे त्यांनी सांगितले.

आगमात आधुनिक भूगर्भशास्त्र शोधून दाखवण्याचा मोह मी टाळतो. त्याची आगमाला गरज नाही आणि भूगर्भशास्त्रालाही नाही. परंतु द्रह आणि प्रस्रवण या दोन शब्दांतला भेद व्यापारी माणसाने मनात ठेवण्यासारखा आहे. द्रह म्हणजे साठून राहिलेले पाणी. प्रस्रवण म्हणजे ज्याला आवक आहे आणि जावक आहे असे पाणी. जमिनीखालच्या पाण्याला आपण आजवर अथांग द्रह समजूनच वापरत आलो. ज्याला आवक-जावक आहे त्याचे खाते ठेवावे लागते, आणि ते खाते आपल्यापैकी जवळजवळ कोणीही ठेवलेले नाही. हिऱ्याच्या पुडीचा रतीभर हिशोब ठेवणारे, किराण्याच्या दुकानातली पावशेर घट वहीत दाखवणारे आपण. आपल्याच आवारातल्या बोअरमधून वर्षाला किती पाणी निघते, हे विचारले तर गप्प होतो.

राजगृहीचे पाणी कुठून येते? पहाडांवर पडलेला पाऊस कठीण खडकांच्या भेगांतून खोल उतरतो, तिथे तापतो आणि खडकातल्या एखाद्या मोठ्या भ्रंशाच्या वाटेने पुन्हा वर येतो. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात तिथल्या काही धारा क्षीण झाल्याच्या, काही कुंडे आटल्याच्या बातम्या येत राहिल्या, आणि परिसरात वाढलेल्या कूपनलिकांकडे बोट दाखवले गेले. २०२२ पासून मोकामाजवळच्या हाथीदहहून गंगेचे पावसाळी पाणी उचलून, साठवून, शुद्ध करून नळाने राजगीरला दिले जाते. भूजलावरचा भार हलका व्हावा हा त्यामागचा एक हेतू. ज्या नगरीत भगवंतांचे अनेक चातुर्मास झाले, तिथल्या झऱ्याला वाचवण्यासाठी आता दुसऱ्या नदीचे पाणी आणावे लागते आहे.

हा विषय आताच काढण्याचे कारण आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. भूऔष्णिक म्हणजे पृथ्वीच्या पोटातली उष्णता. जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस; काही ठिकाणी याहून पुष्कळ अधिक. आपल्या देशात उष्ण पाण्याचे तीनशेहून अधिक झरे आहेत. हिमाचलातले मणिकरण, छत्तीसगडमधले तातापानी, लडाखची पुगा घाटी ही नावे या संदर्भात नेहमी घेतली जातात. महाराष्ट्रातही वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे, राजापूर अशी कोकणातली रांग आहे आणि खानदेशातले उनपदेव जळगावच्या वाचकांना परिचित आहेच. आज ना उद्या या उष्णतेचा वापर होणार. वीज, शीतगृहे, मसाले आणि कांदा वाळवण्याचे कारखाने, हॉटेले: ज्या ज्या व्यवसायांत आपली मंडळी आहेत त्यांना ही ऊर्जा उपयोगी पडणारी आहे. कोळशाच्या तुलनेत ती निश्चितच कमी हिंसेची आहे. तिच्यात जाळणे नाही, धूर जवळजवळ नाही, राखेचे डोंगर नाहीत. मग अडचण कोणती? अडचण पाण्याची आहे, आणि ती कशी येते हे कॅलिफोर्नियातल्या एका क्षेत्राच्या इतिहासात इतके स्वच्छ दिसते की तो इतिहास विस्ताराने सांगतो.

जमिनीतल्या वाफेवर पहिल्यांदा वीज निर्माण झाली ती इटलीत लार्देरेल्लो येथे, १९०४ साली. पिएरो जिनोरी कोंती हे गृहस्थ तिथल्या वाफेतून बोरिक आम्ल काढणाऱ्या व्यवसायाचे धनी होते. त्यांनी त्याच वाफेवर पाच दिवे लावून दाखवले. आपल्या कारखान्यातली वाया जाणारी वस्तू विकता येईल का, असा विचार करणारा व्यापारीच या विद्येच्या मुळाशी आहे, ही गोष्ट मला गमतीची वाटते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, डोंगराळ भागात ‘द गीझर्स’ नावाचे क्षेत्र आहे. नाव फसवे आहे. उसळणारी कारंजी तिथे नाहीत, जमिनीतून निघणारी वाफ आहे. जगातले हे सर्वांत मोठे भूऔष्णिक क्षेत्र. १९६० मध्ये तिथे ११ मेगावॅटचे पहिले केंद्र सुरू झाले. वाफ कोरडी, जवळजवळ निर्भेळ. विहीर खोदावी, नळी जोडावी आणि चक्र फिरवावे इतका सोपा धंदा. साहजिकच एकामागून एक कंपन्या आल्या. प्रत्येकाची जमीन वेगळी, विहिरी वेगळ्या, करार वेगळे, परंतु खालचा वाफेचा साठा एकच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यंत्रांची एकूण क्षमता २००० मेगावॅटच्या आसपास गेली. १९८७ मध्ये उत्पादनाने शिखर गाठले आणि त्यानंतर वाफेचा दाब भराभर उतरू लागला. कोट्यवधी डॉलर खर्चून उभारलेली यंत्रे वाफेअभावी रिकामी पडली.

लोकांना वाटले, उष्णता संपली. ती संपली नव्हती. खालचे खडक जवळजवळ पूर्वीइतकेच तापलेले होते. संपत आले होते ते पाणी. वाफ म्हणजे अखेर पाणीच. त्या खडकाच्या भेगांत ते युगानुयुगे मुरलेले होते. चक्र फिरवून झाल्यावर वाफ थंड होऊन तिचे पाणी व्हायचे, आणि त्यातला मोठा हिस्सा शीतकरण मनोऱ्यांतून हवेत उडून जायचा. जमिनीत परत जायचा तो फार तर चौथा हिस्सा. म्हणजे दर वर्षी शंभर रुपये काढायचे आणि पंचवीस भरायचे. अशा पेढीचे काय होते हे आपल्यापैकी कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही. फरक एवढाच की पेढीवर रोजमेळ असतो आणि संध्याकाळी घट दिसते. जमिनीखालची घट दिसायला तिथे सत्तावीस वर्षे लागली.

मग उपाय काय केला? त्या डोंगराच्या आसपासच्या गावांपुढे वेगळाच प्रश्न होता. सांडपाणी शुद्ध करून सोडायचे कुठे? नद्यांत सोडण्यावर निर्बंध होते. १९९७ मध्ये लेक कौंटीतून सुमारे ४६ किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकून ते शुद्ध केलेले सांडपाणी डोंगरावर चढवले आणि विहिरींतून खालच्या तप्त खडकांत सोडले. २००३ मध्ये सांता रोझा शहराने दुसरी, सुमारे ६५ किलोमीटरची वाहिनी आणली. तिच्यातून रोज जवळजवळ चार कोटी लिटर पाणी जमिनीत जाऊ लागले. खाली गेलेले पाणी पुन्हा तापून वाफ होऊन वर येते. उत्पादनाची घसरण मंदावली. क्षेत्र आजही चालू आहे, मात्र पूर्वीच्या शिखरापासून बरेच खाली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: थंड पाणी तप्त खडकात शिरल्याने बारीक भूकंप होतात आणि जवळच्या वस्त्यांना ते जाणवतात. डोंगर चढवून पाणी नेण्यालाही वीज खर्ची पडते. परतफेड फुकट होत नाही.

हे वाचताना मला आपल्या घरातली एक जुनी रीत आठवते, आणि वडीलधाऱ्या वाचकांनाही ती आठवली असेल. पाणी दुहेरी कापडाने गाळून झाले की काम संपत नसे. गाळण्यात अडकलेले सूक्ष्म जीव गाळलेल्याच पाण्याने हळुवार धुऊन ते पाणी, ज्याला जिवाणी म्हणतात ते, ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत पोहोचवायचे. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत तर नाहीच. वरून ओतले तर जीवांना आघात होईल, म्हणून तळाला कडी असलेली बादली पाण्यापर्यंत उतरवून तिथे अलगद उलटी करण्याची पद्धत होती. नळ आले आणि ही रीत मागे पडली. गाळणे काही घरांत टिकले, परत नेणे संपले. घेतलेले जिथून घेतले तिथे, त्याच स्थितीत, हलक्या हाताने परत करायचे, हा त्या रीतीचा गाभा. द गीझर्सच्या अभियंत्यांना जिवाणी हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही. परंतु आपल्याकडे उष्ण झऱ्यांवर प्रकल्प उभे राहतील तेव्हा त्यांत भांडवल घालणाऱ्या, यंत्रे पुरवणाऱ्या आपल्या मंडळींनी पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: वर काढलेले पाणी त्याच थरात परत जाणार आहे की नाही, आणि किती?

परत भरणे हा अर्धा उपाय. कमी घेणे हा दुसरा, आणि तो अधिक कठीण. त्याचे उदाहरण न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ शहराचे आहे. त्या शहराच्या कडेला फाकारेवारेवा हे माओरी लोकांचे गाव आहे. १८८६ मध्ये तारावेरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा उद्ध्वस्त झालेल्या वस्तीतून वाचलेल्या माणसांना तिथे आसरा मिळाला. उष्ण कुंडांच्या पाण्यात अन्न शिजवणे, त्याच उष्णतेवर घर ऊबदार ठेवणे हा त्यांचा नित्यक्रम. शेजारीच पोहुतू नावाचे उष्ण पाण्याचे कारंजे ३० मीटरपर्यंत उसळते. विसाव्या शतकात शहर वाढले आणि घरोघर, हॉटेलोहॉटेली बोअर पाडले गेले. बोअर एकदा सुरू केला की बहुधा रात्रंदिवस वाहता ठेवत, गरज असो वा नसो. १९७९ मध्ये तिथले पापाकुरा हे कारंजे बंद पडले. ते कित्येक दशके अखंड चालू होते.

सरकारने १९८६ मध्ये कठोर निर्णय घेतला. पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद. शंभरहून अधिक बोअर त्या वर्तुळात होते. बाहेर ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यावर शुल्क बसले. शहरात संताप उसळला, आणि तो अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. आपल्या जमिनीतले, आपल्या पैशाने काढलेले पाणी बंद करा म्हटल्यावर कोणाला राग येणार नाही? पण जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येऊ लागली. झरे सावरू लागले. पापाकुरा मात्र गप्पच राहिले; २०१५ मध्ये, छत्तीस वर्षांनी ते पुन्हा उसळले. ज्याने १९८६ मध्ये चाळिशीत असताना आपला बोअर बंद केला तो तोवर सत्तरीत पोहोचला होता. जमिनीखालची उधारी फेडण्याची मुदत एवढी लांब असते.

आता आपल्या आगमातल्या एका व्यापाऱ्याकडे येतो. उपासकदशांगातला आनंद श्रावक वाणिज्यग्रामचा. त्याची संपत्ती बारा कोटी सुवर्णमुद्रांची: चार कोटी जमिनीत ठेव म्हणून पुरलेले, चार कोटी व्यापारात वाढीसाठी लावलेले, चार कोटी घर-संसाराच्या पसाऱ्यात. इतका नेटका ताळेबंद अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. भगवंतांच्या चरणी त्याने व्रते घेतली तेव्हा ही संपत्ती त्याने टाकून दिली नाही. तिला आणि आपल्या उपभोगाला मर्यादा घातली. त्या मर्यादांच्या यादीत पाणी दोनदा येते. स्नानासाठी आठ घडे, अधिक नाही. आणि पिण्यासाठी आकाशातून पडलेले, म्हणजे पावसाचे पाणी; इतर सर्व पाण्याचा त्याग. बारा कोटींचा धनी घड्यांनी पाणी मोजतो, हे चित्र व्याख्यानात ऐकताना आपण मान डोलावतो. आपल्या घरी अंघोळीच्या पाण्याचे घडे मोजणारा आज कोण आहे?

त्याच अध्ययनात श्रावकाने न करण्याचे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने सांगितली आहेत. ज्यांच्याकडे सातव्या व्रताचे अतिचार पूर्ण म्हणण्याची परंपरा आहे त्यांना ती मुखोद्गत असतील. अंगारकर्म, वनकर्म, शकटकर्म असा तो क्रम सुरू होतो. जमीन फोडण्याचे स्फोटकर्म त्यात आहे. आणि शेवटाकडे सर-द्रह-तडाग शोषणता येते: तळी, डोह, तलाव आटवण्याचा व्यवसाय. प्रतिक्रमणात हे पद म्हणताना मनाला काही टोचत नाही, कारण तलाव कोण आटवतो? पूर्वी मासे काढण्यासाठी किंवा जमीन पिकाखाली आणण्यासाठी तळी उपसत असत, आपण तसे काही करत नाही, म्हणून मिच्छामि दुक्कडम् म्हणून पुढे सरकतो. माझे नम्र मत असे आहे की आज या कर्मादानाचा सर्वांत मोठा व्यवहार जमिनीखाली चालतो आणि त्यात डाळ मिलपासून कापड रंगवण्याच्या कारखान्यापर्यंत, बांधकामापासून मंगल कार्यालयापर्यंत आपले अनेक व्यवसाय सामील आहेत. डोळ्यांना दिसणारा तलाव आटवणे पाप आणि न दिसणारा आटवणे व्यवहार, असा भेद शास्त्रात मला कुठे आढळलेला नाही. अप्कायाची विराधना दिसण्या-न दिसण्यावर ठरत नाही. साधू-साध्वीजींनी यावर अधिक सांगावे. चूक असेल तर मी ती आनंदाने मान्य करीन.

महाराष्ट्राची जमीन या बाबतीत फार कृपण आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा. या खडकात वाळूच्या थरासारखी पोकळी नसते. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेही शेकडा दोन-तीन भागांहून फारसे नाही. पावसाळ्यात हा थर भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरतो. म्हणजे आपल्याकडचे भूजल बव्हंशी वार्षिक व्याज आहे. खोल भेगांत जे थोडे अडकलेले असते ते जुने, आणि पुन्हा भरायला फार काळ घेणारे. ते आनंद श्रावकाच्या पुरलेल्या ठेवीसारखे. दुष्काळाच्या वर्षी आपण काय करतो? दोनशे फुटांवर पाणी उतरले की चारशे फुटांचा बोअर, तो कोरडा पडला की सहाशेचा. पाणाड्या नारळ हातावर धरून जागा दाखवतो, यंत्र रात्रभर घरघरते, पहाटे धुरळा उडतो किंवा दोन इंच पाणी लागल्याचा पेढा वाटला जातो. त्या दोन इंचांत शेजारच्या विहिरीचे किती, हे कोणी विचारत नाही. भारत जगातला सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे, तो अशा असंख्य पेढ्यांमधून.

२००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात साठ मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानून तिच्यावर निर्बंध घातले आहेत. कायदा आहे. बोअरच्या गाड्याही आहेत.

कायद्याच्या आधी हे स्वतःहून करून दाखवणारे गाव आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली, याची ख्याती सर्वांनी ऐकली आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते गावाने घातलेले बंधन: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, माणसांना-जनावरांना किती लागणार, उरलेल्यात कोणती पिके. पाऊस कमी झाला तर पिके बदलायची, खोदायचे नाही. हे अगदी व्यापाऱ्याचे शहाणपण आहे, आणि ते एका शेतकरी गावाने आपल्यापेक्षा आधी वापरले.

आपल्या समाजाने या क्षेत्रात काही केले नाही असे मुळीच नाही. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात तलावांतला गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले; यंत्रे पुरवली, शेतकऱ्यांनी गाळ आपल्या शेतात नेला. ते पुण्याचे काम आहे आणि व्हायलाच हवे. पण वहीच्या भाषेत ती जमेची बाजू झाली. नावेची बाजू, म्हणजे उपसा, कोणी लिहिली नाही तर कितीही जमा केले तरी खाते तुटीतच राहील. तलाव खोल झाला म्हणून त्याच्या काठी वीस नवे बोअर पडले, तर दान कोणाच्या पदरात पडले? दानाचा फलक लावणे सोपे असते, मीटर लावणे अवघड. फलकावर नाव येते, मीटरवर आकडा येतो.

आणि म्हणून एक सुचवणे आहे. आपल्याकडे दिवाळीत वहीपूजन होते आणि लाभपंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, नव्या वर्षाचा व्यवहार सुरू होतो. पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि विहिरींची पातळी वर्षातली जवळजवळ सर्वांत वरची असते. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरींची एक नोंद साधारण याच सुमारास घेते. दुसरा दिवस अक्षय तृतीयेचा. वर्षीतपाची पारणी होतात तेव्हा वैशाख चालू असतो आणि पाणी तळाला गेलेले असते. दुकान, कारखाना, स्थानक, धर्मशाळा, मंगल कार्यालय, जिथे जिथे आपली विहीर किंवा बोअर आहे तिथे या दोन दिवशी पातळी मोजून ती त्याच वहीत लिहावी. आदल्या रात्रीपासून मोटर बंद ठेवावी, म्हणजे पाणी स्थिर होते. उघड्या विहिरीला वजन बांधलेली, फुटांच्या खुणा केलेली दोरी पुरते. बोअरला पुढच्या वेळी मोटर खाली सोडताना मुख्य पाइपाशेजारी अर्ध्या इंचाचा एक रिकामा पाइप बांधून ठेवावा. त्यातून बॅटरीला जोडलेली दोन तारांची फीत खाली सोडली की टोक पाण्याला लागताच दिवा लागतो, आणि फितीवरचा आकडा वाचता येतो. मोटरच्या निघत्या पाइपावर पाण्याचा मीटर बसवावा आणि महिन्याच्या अखेरीस त्याचे वाचन वीजबिलाशेजारी नोंदवावे. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की लाभपंचमीची पातळी दर वर्षी खाली सरकते आहे की नाही, हे वही स्वतःच सांगेल. सरकत असेल तर आपण व्याज सोडून मुद्दलाला हात घातला आहे. या सदराच्या वाचकांनी अशा नोंदी केल्यास त्या संपादकांकडे अवश्य पाठवाव्यात, आकडे कसेही असोत.